पिवळ्या खिडकीचं खोकं

नवरात्र सरत आलं की शाहपुऱ्याच्या आमच्या गल्लीत सप्तपर्णी फुलते. संध्याकाळी तळ्याकडून येणारं वारं तो वास घराघरांत आणून सोडतं आणि अर्ध्या कॉलनीचं डोकं दुखायला लागतं. माझं दुखत नाही. मला त्या वासाने भूक लागते, मैदानातली धूळ आठवते आणि पाय आपोआप बैठकीतल्या कपाटाकडे वळतात. त्या कपाटात काचेमागे माझी खेळणी आहेत. पन्नाशीला टेकलेल्या, इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रांची रचना शिकवणाऱ्या बाईची खेळणी. आणि तीही अस्सल नव्हेत. एकजात सगळी डुप्लिकेट.

"लोक जुनी चांदी जमवतात. तू जमवतेस ते भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही," असं अनिल, माझा नवरा, दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणतो. त्याचं काही चूक नाही. माझ्याकडे एक आकाशात उडणारा परदेशी वीर आहे, त्याची पाठीवरची शाल हिरवी आहे, कारण त्या दिवशी कारखान्यातलं लाल प्लास्टिक संपलं असणार. एक अंतराळवीर घोड्यावर बसलेला आहे. एका मोटारीला एका बाजूला दोन दारं आहेत, दुसऱ्या बाजूला एकच. पण मी या मंडळींकडे बघते तेव्हा मला हसू कमी येतं आणि नवलच जास्त वाटतं. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी बसलं असेल. मूळ खेळणं त्याने एकदाच, दुसऱ्याच्या हातात, लांबून पाहिलं असेल. तेवढ्या भांडवलावर त्याने साचा कोरला, आणि जे आठवलं नाही ते स्वतःच्या मनाने भरलं. ते मनाने भरलेलं मला फार आवडतं. नक्कल करायला बसलेला माणूस जिथे अडतो, तिथे तो नकळत स्वतःचं काहीतरी करून जातो, आणि ते जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

या सगळ्यांच्या मधोमध माझा रोबोट उभा आहे. धड निळं, पाय लाल, डोक्यावरची एक तार मोडलेली. आणि त्याला मिशी आहे. चांगली झोकदार, वर वळवलेली, काळ्या रंगाची मिशी. त्याचं डोकं एखाद्या हवालदाराच्या खेळण्याच्या साच्यातून उचललेलं असावं, असा जाणकारांचा कयास आहे. मला लहानपणी तो प्रश्न कधी पडला नाही. आमच्या बरखेड्यातल्या, कारखान्याच्या कॉलनीतल्या, सगळ्या मोठ्या माणसांना मिशा होत्या, मग रोबोटला का नसावी?

बरखेड्याचा तो ऋतू मला अजून नाकात साठवलेला आहे. क्वार्टरांना चुना लावायची पुताई चालायची. ओल्या चुन्याचा वास, अंगणात काढून ठेवलेले पलंग, त्यांवर उड्या मारणारी आम्ही पोरं. सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला की सायकलींची रांग लागायची आणि हवेत पहिल्यांदा किंचित गारवा जाणवायचा. ठेल्यांवर शिंगाडे यायचे, हिरवे आणि काळपट लाल, पाण्याने निथळणारे. आई पुण्याची, तिला लग्नाआधी शिंगाडा म्हणजे उपासाचं पीठ एवढंच ठाऊक होतं. इथे येऊन ती कच्चे शिंगाडे सोलायला शिकली आणि पुढे आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त खायला लागली. घरात बोलणं शुद्ध पुण्याचं, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ठेलेवाल्याशी घासाघीस करताना मात्र आईच्या तोंडी दोन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या.

दसऱ्याला मैदानात रावण उभा राहायचा. आम्हाला रावणापेक्षा ठेले महत्त्वाचे. बांबूचे धनुष्यबाण, सोनेरी कागदाच्या गदा, मुखवटे, आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीवर रोबोटांचा ढीग, एकमेकांत पाय अडकलेला. मी त्या ढिगापुढे खिळून जायची. एका वर्षी मी बाबांना म्हटलंही, मला हा हवा. बाबा हसले. "रोबोट काय करायचाय तुला? पोळ्या लाटून घेणार?" आणि त्यांनी मंदारला, माझ्या मोठ्या भावाला, गदा घेतली आणि मला बाहुली. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेव्हा सगळ्यांच्याच बाबांनी बाहुली घेतली असती. पण त्या बाहुलीचं मी बारसंसुद्धा केलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याला बाबा नव्हते. कारखान्यात बनलेलं मोठं यंत्र लांब कुठल्यातरी वीजघरात बसवायला त्यांची टोळी गेली होती. याला आमच्याकडे "साइटवर जाणं" म्हणत. कॉलनीतल्या प्रत्येक मुलाला हा शब्द ठाऊक होता आणि कुणालाच आवडत नव्हता. त्या वर्षी मी ढिगापुढे उभी राहिले, मिशीवाल्या रोबोटकडे मनसोक्त पाहून घेतलं आणि काही न मागता आईचं बोट धरून घरी आले. बाबा नसताना हट्ट करायचा नाही, असं मी माझं मीच ठरवलं होतं.

आणि मग धनत्रयोदशीला खेळून घरी आले तर दिवाणावर एक खोकं.

"बाबांनी पाठवलंय साइटवरून," आई म्हणाली. "त्यांचे एक साहेब येत होते, त्यांच्याबरोबर."

ते खोकं मी आजही डोळे मिटून चितारू शकते. गडद निळं आकाश. त्यात पांढरे तारे, नीट ओळींत. कोपऱ्यात कडं घातलेला लाल ग्रह. वर ठसठशीत अक्षरांत "स्टार रोबो". आणि मधोमध खिडकी, पिवळी. त्या पिवळ्या उजेडात आत तो उभा. तोच, मिशीवाला. पण मैदानातल्या ढिगातला नव्हे. खोक्यातला, कंपनीचा, लांबून आलेला. किती तरी वेळ मी खोकं उघडलंच नाही. त्या खिडकीतून तो जितका थोर दिसत होता तितका बाहेर काढल्यावर दिसेल का, अशी धाकधूक होती. बाबांनी ऐकलं होतं, वर्षभर लक्षात ठेवलं होतं, मला पोळ्यांवरून चिडवलं ते विसरून रोबोट शोधून काढला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

बाबा आले ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. मी फाटकातच त्यांना मिठी मारली. "आवडला ना?" ते म्हणाले. बस, एवढंच. बाबा बोलण्यातले नव्हतेच. मायेचं बोलायची वेळ आली की ते पंखा दुरुस्त करायला घ्यायचे. पण माझ्याजवळ पुरावा होता. शाळेत गणिताच्या बाई म्हणाल्या, मुलींना यंत्रातलं काय कळतं, तेव्हा मी मनात म्हटलं, माझ्या बाबांना विचारा. इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो आणि मागच्या बाकांवरून शेरे यायचे, तेव्हाही तेच. आज पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना मी हमखास ही गोष्ट सांगते, की माझे वडील तंत्रज्ञ होते आणि त्यांनी मला साइटवरून रोबोट पाठवला होता. बाबांना जाऊन काही वर्षं झाली.

रोबोट राहिला, खोकं मात्र गेलं. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं, त्या गडबडीत ते रद्दीत गेलं असणार. त्याचं दुःख मी कित्येक वर्षं फक्त मनात ठेवलं. मग फोनवर जुनी खेळणी जमवणाऱ्यांचा एक गट सापडला. कानपूर, नागपूर, हैदराबाद, कुठकुठले लोक, आणि सगळे माझ्यासारखेच वेडे. मिशीवाला रोबोट निदान चौघांकडे होता. मी हरखून विचारलं, कुणाकडे त्याचं खोकं आहे का? निळं, पिवळ्या खिडकीचं? उत्तरं आली ती एका सुरात. हा खोक्यात कधी आलाच नाही. हा ठेल्यावरचा माल, ढिगात सुटा विकला जायचा.

मंदार पुण्यात असतो. त्याला फोन केला तर तो जांभई देत म्हणाला, "अगं, कसलं खोकं? मैदानातूनच आणला असेल आईने. बाबा कशाला साइटवरून खेळणी पाठवतील? त्यांना आपण कितवीत आहोत ते तरी ठाऊक होतं का?"

मी रागाने फोन ठेवला. राग मंदारचा नव्हता, भीती वाटली होती. खोकं नसेल तर रोबोट मैदानातला. रोबोट मैदानातला असेल तर बाबांनी काही पाठवलं नव्हतं. आणि बाबांनी काही पाठवलं नसेल तर जन्मभर मी ज्या दगडावर पाय रोवून उभी आहे तो दगडच नव्हता. आईला विचारलं तर ती म्हणायची, "असेल बाई, मला काय आठवतंय आता." ती हल्ली माझ्याकडेच असते आणि तिला शेजाऱ्यांच्या सुनेच्या माहेरचं आडनावसुद्धा आठवतं. पण बाबांचा विषय निघाला की ती गप्प होते, म्हणून मीही ताणलं नाही.

शकीलभाई मला याच गटात सापडले. जुन्या शहरात त्यांची छोटी छपाईची जागा आहे. लग्नपत्रिका, मिठाईची खोकी आणि आवड म्हणून जुन्या खेळण्यांची खोकी. सुट्या खेळण्याला ते त्याचं हरवलेलं घर पुन्हा छापून देतात. हुबेहूब, डाग आणि सुरकुत्यांसकट. पण झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत "नक़ल" असं छापल्याशिवाय ते एकही खोकं बाहेर जाऊ देत नाहीत. "बाजी, अपन नक़ल बनाते हैं, धोखा नईं देते," असं ते पहिल्याच भेटीत, मला थोरली बहीण करून टाकत, म्हणाले. मला हा माणूस एकदम आवडला.

माझ्याकडे एकच फोटो होता. त्या वर्षीच्या भाऊबिजेचा. आई मागे उभी, मी मंदारला ओवाळते आहे आणि कोपऱ्यात पाटाशेजारी, रंग उडालेलं, जरासं हललेलं ते खोकं. शकीलभाईंनी तो फोटो मोठा केला, भिंगाखाली धरला, संगणकावर आणला, आणि आम्ही दोघं त्यावर अक्षरशः मान मोडेपर्यंत वाकलो. खोकं होतं! मला तिथेच नाचावंसं वाटलं. अक्षरं सरळ होती, म्हणजे छापलेलीच. तारे मात्र विचित्र होते, सारख्या अंतरावर, ओळीने. "आसमान में तारे ऐसे लाइन से खड़े होते हैं क्या?" शकीलभाई पुटपुटले आणि मग त्यांनीच निकाल दिला की ही जुन्या छपाईतली ठिपक्यांची जाळी असणार. खिडकीच्या पिवळ्या रंगाचाही त्यांनी उलगडा केला. स्वस्त पारदर्शक प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं, म्हणजे मूळ खिडकी बिनरंगी असणार. मी म्हटलं, नाही हो, नवं होतं तेव्हाही पिवळंच होतं. ते हसले. "बाजी, बचपन में सब कुछ थोड़ा पीला ही दिखता है."

गेल्या आठवड्यात ते खोकं तयार झालं. मी ते मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आले. सुंदर झालं होतं. निळं तेच, ग्रह तोच, अक्षरं तीच. खिडकी स्वच्छ, आरपार दिसणारी. आई जेवणाच्या टेबलाशी शिंगाडे सोलत बसली होती. मी रोबोटला आत उभा केला आणि खोकं तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "बघ. आता मंदारला म्हणावं, काय बोलतोस?"

आईने हात पुसले. चष्मा लावला. खोकं हातात घेऊन वळवलं, खालून पाहिलं, ग्रहावरून बोट फिरवलं. मग खिडकीपाशी थांबली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय केलं याने? खिडकी पांढरी कशी? पिवळी होती."

"शकीलभाई म्हणतात उन्हाने पिवळी पडली असेल."

"ऊन कसलं डोंबलाचं! कंदिलाचा जिलेटीन कागद होता तो. आकाशकंदील केला त्यातला उरलेला. लाल संपला होता, नाहीतर लाल लावणार होते मी."

ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं जपलेलं गुपित, आणि ते सांडलं कशामुळे, तर कुणीतरी तिच्या कामात चूक केली म्हणून.

"आई, खोकं तू केलं होतंस?"

आईने एक शिंगाडा उचलला, तसाच खाली ठेवला. "तू त्या ठेल्यापुढे उभी राहिलीस आणि काही मागितलं नाहीस. मागितलं असतंस ना, तर मी कदाचित नाहीच म्हणाले असते. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर मैदानात गेले, ते लोक ठेले आवरत होते. पण सुटा दिला असता तर तू लगेच ओळखलं असतंस, मैदानातला आहे म्हणून. लांबून आल्यासारखा दिसायला हवा होता. म्हणून मग खोकं." बाबांच्या कारखान्यातल्या बुटांचं खोकं होतं म्हणे, उलगडून आतली बाजू बाहेर केलेलं. निळा रंग कपड्यांच्या निळीचा. तारे पुताईच्या उरलेल्या चुन्याचे. ग्रह कुंकवाचा. अक्षरं मंदारच्या कंपासपेटीतल्या छिद्रांच्या पट्टीने काढलेली.

"आणि तारे ओळीत का?"

"मला आधी ठिपके घातल्याशिवाय काही काढता येतं का? रांगोळीची सवय," ती म्हणाली आणि जराशी लाजली.

मग जे वाटलं ते तोंडातून निघून गेलं. "म्हणजे बाबांनी काही पाठवलंच नव्हतं."

"नाही," आई म्हणाली. "त्यांना ठाऊकही नव्हतं. ते आल्या आल्या मी सांगणार होते, पण तू फाटकातच त्यांच्या गळ्यात पडलीस, माझा रोबोट, माझा रोबोट करत. त्यांनी तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दारात हात जोडून उभी. एक क्षण गेला असेल. आणि ते म्हणाले, आवडला ना? नंतर मला एवढंच म्हणाले की कमाल केलीस. आणि मला सांग, त्यानंतर त्यांनी तुला कधी बाहुली आणली?"

मी आठवून पाहिलं. लोहचुंबक आणला होता. काच फुटलेलं, काटा हलणारं एक मीटर आणलं होतं. टॉर्च, छोटे पाने, बंद पडलेलं घड्याळ, "उघडून बघ" म्हणून दिलेलं. बाहुली नाही. एकदाही नाही.

मी खुर्चीत बसले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त नवल वाटत होतं. मी देशभरचा नकली माल तपासणारी, साच्याच्या रेघेवरून खेळण्याचा कारखाना ओळखणारी बाई, आणि माझ्याच घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बनलेलं खोकं मला ओळखता आलं नव्हतं. जगात जी कंपनीच नव्हती तिचा माल या बाईने निळीने आणि कुंकवाने बनवला, त्यावर दुसऱ्याचं नाव लावलं, आणि जन्मभर ते नाव खरं होऊ दिलं. मी दरवर्षी नव्या वर्गापुढे बाबांची थोरवी सांगत होते तेव्हा ती घरी शिंगाडे सोलत होती. तिला कधी वाटलं नसेल का, एकदा तरी सांगावं? विचारलं तर म्हणाली, "सांगून काय करायचं होतं? तू खूश होतीस, ते सुधारले होते."

तेवढ्यात शकीलभाईंचा फोन आला. त्यांना धीर धरवत नव्हता. "क्यों बाजी, अम्मी ने क्या बोला? था ऐसा डिब्बा?"

"था," मी म्हटलं. "खिड़की पीली ही थी. वो आपको बदलनी पड़ेगी."

"बदल देंगे. कंपनी का कुछ पता चला? नीचे नाम की जगह ख़ाली छोड़ रखी है."

"चला. यहीं की थी. बरखेड़े की."

"लो! और अपन दिल्ली-बंबई छान रिये थे." ते हसले, मग जरा हळहळून म्हणाले, "अब तो बंद हो गई होगी?"

मी टेबलाकडे पाहिलं. आईने शिंगाड्यांची ताटली बाजूला सारली होती, खोकं जवळ ओढलं होतं आणि खिडकीचं ते पांढरं प्लास्टिक कडेने, नखाने, हळूहळू सोडवत बसली होती.

"नहीं, शकीलभाई," मी म्हटलं. "चल रही है."